तीनचा भोंगा

नानांकडे हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता आणि त्यातून ते ऐकायचे. पातं यंत्राला टेकवायचे, लाकडी मूठ कानाशी दाबायचे आणि डोळे मिटायचे. जुने फिटर असं करतातच, त्यात नवल नाही. बेरिंगची घरघर मुठीतून थेट कवटीत उतरते. पण नाना यंत्रापाशी थांबत नसत. पाण्याची टाकी, दाराची चौकट, अंगणातला कडुनिंब, सगळ्याला पातं लावून बघायचे. एकदा गल्लीतल्या एका दारुड्याच्या पाठीला त्यांनी ते लावलं आणि म्हणाले, "आजून दोन वरीस चालशी." तो खो खो हसला. नाना हसले नाहीत.

मी भडगावची. दोंडाईच्यात एका छापखान्यात अक्षरजुळणीच्या कामाला लागले, तेव्हा नानांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दुपारी माझा टेबलफॅन खडखडायला लागला. नाना न बोलावता आले, मूठ कानाला लावली, एक थेंब तेल सोडलं आणि फॅन गप्प झाला. जाता जाता त्यांनी पातं मागच्या भिंतीला टेकवलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग मूठ माझ्याकडे केली.

"आयक माय. तठे कोन शे?"

मी कान लावला. भिंतीच्या आत कोणीतरी श्वास घेत होतं. दमेकरी माणसासारखा, हळू, ओढून ओढून. मी मूठ सोडून दिली.

"कोण आहे तिकडे?"

"पार्टनर," नाना म्हणाले आणि निघून गेले.

भिंतीच्या पलीकडे त्यांचं वर्कशॉप होतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिथे चुलीवर एक लहान बॉयलर धुमसत होता आणि त्याच्या बुडाखालचा एक गज भिंतीत घुसवलेला होता. श्वासाचा उलगडा झाला. भूतबाधेवर माझा विश्वास नाही. माझे वडील रात्री गोष्टींऐवजी पत्रकं वाचून दाखवायचे, अंधश्रद्धेवरचीही. तरी पुढची अडीच वर्षं मी पलंग त्या भिंतीपासून दूर ठेवला.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. आत एक जुना लेथ, गॅस वेल्डिंगची टाकी, व्हाइस, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पान्हे. प्रत्येक पान्ह्याची आकृती भिंतीवर पांढऱ्या रंगात काढलेली, म्हणजे जागा रिकामी झाली तर लगेच दिसावी. एका आकृतीवर पान्हा कधीच नसायचा. तो कुठे आहे असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्याने नेला त्याच्याकडे."

नाना वाफेची इंजिनं बनवायचे. करंगळीएवढा पिस्टन, पुरीएवढं फ्लायव्हील, दोऱ्याएवढ्या पितळी नळ्या. सांधे चांदीच्या टाक्याने जोडलेले आणि असे घासलेले की बोट फिरवलं तर सांधा लागू नये. फळीवर अशी पंधरा-सोळा इंजिनं ओळीने होती. शाळेच्या प्रदर्शनाला द्या म्हणून मास्तर येऊन गेले, शिरपूरच्या कॉलेजची पोरं फोटो काढायला आली. नानांनी कोणालाही दिली नाहीत. "ही खेळणी नाहीत, ही चुकलेली आहेत," म्हणाले. मला कुठलीच चूक दिसली नाही. फक्त एक गोष्ट दिसली. प्रत्येक बॉयलरच्या सेफ्टीच्या दांडीजवळ लाल-पिवळ्या धाग्याचं तुटकं टोक लोंबत होतं.

सेफ्टी म्हणजे बॉयलरचा जीव वाचवणारी झडप. आत वाफेचा दाब जास्त झाला की वरची दांडी आपोआप उचलली जाते आणि जादा वाफ फुस्स करून निघून जाते. आपल्या कुकरच्या शिट्टीचा थोरला भाऊ.

आणि एक इंजिन गोणपाटाखाली असायचं. त्याला मी काय कोणीच हात लावायचा नाही. ते नुसतं इंजिन नव्हतं, गावाबाहेर पूर्वी जी सरकीच्या तेलाची मिल होती, तिचं पुरं बॉयलरघर होतं, पाटावर मावेल एवढं. पत्र्याच्या भिंती, कोळशाचा ढीग, आणि भट्टीपुढे एक पत्र्याचा माणूस, बोटभर उंचीचा, हातात फावडं. त्याची पाठ आपल्याकडे. पुढून कसा दिसतो ते बघायला मी एकदा वाकले, तर नानांनी हाताने मला मागे सारलं.

रोज दुपारी नाना त्यात कापसाच्या पऱ्हाटीचे कोळसे पेटवायचे आणि बरोबर तीनला शिट्टी वाजवायचे. ती शिट्टी लहान यंत्राची वाटायची नाही. खर्जात सुरू व्हायची आणि शेवटी वर चढून एकदम तुटायची. जुनी माणसं सांगत, हुबेहूब मिलचा भोंगा. खानदेशातली उन्हाळ्याची दुपार माहीत आहे ना? रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, दारं बंद, पत्रे तडतडतात, उजेड एवढा की सावल्याच उरत नाहीत. रात्रीची कोणाला भीती वाटते? त्या दुपारी, बंद पडून चाळीस वर्षं झालेल्या मिलचा भोंगा वाजायचा आणि समोरच्या घरातल्या आक्का उठून दार लावून घ्यायच्या. रोज. आधी भोंगा, मग कडीचा आवाज.

शेडमध्ये दोन स्टुलं होती. चहाचे दोन ग्लास. मी गेले तरी मला तिसरा ग्लास मिळायचा. दुसरा भरून रिकाम्या स्टुलावर ठेवायचे आणि निवला की कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायचे.

"नाना, तो पीत तर नाही."

"पहिलेपासून गार करून पेस तो," ते म्हणाले. "तू तुना पी."

आक्कांची गोष्ट मला शेजारणीकडून समजली. आक्कांचे यजमान त्या मिलमध्ये बॉयलरवर होते. नाना फिटर, ते भट्टीत कोळसा घालणारे फायरमन, दोघांची एकच पाळी. मिलमध्ये सगळे एकमेकांना पार्टनर म्हणत, पण ह्या दोघांचं ते नावच पडलं होतं. एका वैशाखात दुपारी तीनच्या सुमाराला बॉयलर फुटला. नाना पान्हा आणायला बाहेर गेले होते, म्हणून वाचले. चौकशी झाली. सेफ्टीच्या दांडीला काळी तार गुंडाळलेली सापडली, नानांनीच ती तार म्हणून ओळखली. फायरमनने दाब वाढवायला तारेने सेफ्टी बांधली आणि स्वतःच्या करणीने मेला, असं कागदावर आलं. मिलने हात झटकले. पण आक्कांना कागदापेक्षा गल्लीनेच जास्त छळलं. त्यांच्या पोराला शाळेत ‘तारवाला’ म्हणायचे. तो सुरतेला गेला तो परत आला नाही. अजून कोणी कुठे आगाऊपणा करून आपटला की इथली माणसं म्हणतात, "तार बांधी का रे तूबी?"

हे ऐकलं आणि माझं डोकं पेटलं. मी दोन रात्री बसून पत्रक लिहिलं. मथळा: ‘तार कोणी बांधायला लावली?’ हंगाम संपत आलेला, माल पडलेला, मालकाला घाई. हुकमाशिवाय कुठला मजूर मरणाशी खेळतो? मला त्यात एकही चुकीचं वाक्य दिसत नव्हतं. साक्षीला नाना होतेच. मी कागद घेऊन शेडमध्ये गेले.

नानांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि दोनदा वाचलं. मग सावकाश एकच शब्द खोडला. मथळ्यातला, मग पहिल्या ओळीतला, मग पुढे जिथे जिथे होता तिथला. तार.

"मग काय होतं?"

"आजून ठरायचंय," म्हणाले.

"चाळीस वर्षांनी? नाना, तुम्हीच सांगितलं ना चौकशीत, तार होती म्हणून?"

"हो. मीच सांगं." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "म्हनीसन तर ठरायचंय."

मला राग आला. वाटलं, म्हातारा मालकाला भितो, मालक मेला तरी भितो. मी ते त्यांना तोंडावर बोलून दाखवलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, माझ्या मनगटावर पातं टेकवलं, ऐकलं आणि म्हणाले, "तुनं प्रेशर जास्त शे."

त्याआधीची खंडेनवमी मला तेव्हा आठवायला हवी होती. खंडेनवमीला आमच्या छापखान्यात मशीनची पूजा झाली, उरलेली झेंडूची माळ आणि लाल-पिवळ्या नाडाछडीचं बंडल मी नानांकडे घेऊन आले. त्या दिवशी अख्खी गल्ली आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावते. शिंप्याचं मशीन, गवंड्याची थापी, रिक्षासुद्धा. नानांच्या शेडमध्ये मात्र एक बोट हळद नव्हती. मी लेथच्या हँडलला धागा बांधायला घेतला.

"सोड!"

इतका मोठा आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. त्यांनी धागा माझ्या बोटांतून ओढून काढला. बोट कापलं. "लोखंडले बांधानं नही! लोखंडले काय बांधस!" मग त्यांनीच माझ्या बोटाला चिंधी गुंडाळली आणि म्हणाले, "जा. आते जा."

मी गेले, पण दाराच्या फटीतून पाहिलं. नानांनी गोणपाट काढलं. हळद, कुंकू, एक झेंडू. आणि त्या पाटाएवढ्या मिलच्या सेफ्टीच्या दांडीला त्यांनी माझ्याच बंडलातल्या धाग्याचा एक वेढा दिला, खालच्या खांबाला गच्च आवळला. तिथे आधीचे वेढे होते. तेल, हळद आणि वाफेने काळे पडलेले. आरती नाही, मंत्र नाही. ओठ हलत होते, नऊपर्यंत मोजत होते. पुढच्या वर्षी दहापर्यंत मोजले.

अकराव्या वेढ्यानंतरच्या वैशाखात एका दुपारी नाना माझ्या दारात उभे राहिले. धुतलेलं धोतर, टोपी. म्हणाले, "आक्काले बलाव. सांग, आज दार लोटू नको म्हना."

"आणि कशाला म्हणून विचारलं तर?"

"नही इचारनार."

आक्कांनी खरंच विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि आल्या. जणू गाडी येणार हे माहीत होतं, फक्त वेळ कळायची होती. समोरासमोरच्या दारांत चाळीस वर्षं राहून ह्या दोघांनी एकमेकांशी बोललेलं कोणाला आठवत नव्हतं.

शेडचं दार बंद होतं. दाराच्या आत नानांनी वाळूची पोती रचली होती. खिडकीपाशी एक आरसा असा लावला होता की बाहेर भिंतीआड उभं राहूनही दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा आणि सेफ्टीची दांडी दिसावी. भिंतीतला गज नानांनी आदल्या दिवशी काढून पाटावरच्या मिलच्या बुडाखालून बाहेरच्या बाजूला ओढून घेतला होता.

"पहिल्यापासून ऐका दोघी," नाना म्हणाले. आवाज कोर्टात बोलावा तसा. "दरसाल खंडेनवमीला बॉयलरची पूजा माझ्या हाताने व्हायची. सेफ्टीच्या दांडीला धागा मी बांधायचो. मान होता तो. नवमीचा धागा कापत नाहीत, गळू द्यायचा. तो गळला नाही. दरसाल एक वेढा. अकरा झाले. तेल आणि वाफेने तो लाकडासारखा झाला. पार्टनर म्हणायचा, कापू दे, दांडी जड झाली. मी त्याच्या हातावर मारायचो. तपासणीला साहेब यायचे. हळदकुंकू दिसलं की बूट काढायचे, हात जोडायचे, सही करायचे."

त्यांनी खिडकीपाशीचा आरसा बोटभर वळवला. मग म्हणाले, "फुटल्यावर मला विचारलं, दांडीला हे काळं काय? मी हात लावला. तार नव्हती हे हाताला कळलं. तोंडाने तार म्हणालो."

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पण धाग्याने एवढी दांडी धरली असेल? की पत्रा गंजला होता? मला माहीत नाही. नवा धागा लावून सोळा वेळा बघितलं, दर वेळी तुटला. म्हणून हा जुना केला. अकरा वर्षं, रोज वाफ देऊन. आज धागा तुटला तर मी सुटलो. नाही तुटला तर…" त्यांनी खिशात हात घातला आणि पत्र्याचा माणूस काढला. फावडंवाला. माझ्या हातात ठेवला. "याला बाहेर धर. या वेळी हा आत नको."

मी त्याला उलटा करून पाहिलं. पुढून चेहरा नव्हता. नुसता घासलेला, गुळगुळीत पत्रा, आणि त्यात माझंच वाकडं प्रतिबिंब.

आत कोळसे लाल होते. काटा चढत होता. नानांनी पातं गजाला टेकवून मूठ कानाला लावली. मी आरशात बघत होते. आक्का आरशात बघत नव्हत्या, नानांकडे बघत होत्या. झाडावरचे कावळे कधी गप्प झाले कळलं नाही. काटा लाल खुणेला लागला. आता दांडी उचलायला हवी. सोळा वेळा इथेच उचलली होती.

उचलली नाही.

काटा खुणेच्या पुढे गेला. दांडी थरथरत होती, वेढे तिला धरून होते. काळे, बारीक, अकरा. "उठ," नाना म्हणाले. हळूच. मग पुन्हा, "उठ रे पार्टनर, उठ." त्यांच्या कानाखालून घाम मुठीवर गळत होता. दूर कुठल्या तरी घरातल्या घड्याळाने तीनचे टोले दिले. शिट्टीच्या दोरीला कोणाचाही हात नव्हता. तरी भोंगा वाजला, खर्जातून सुरू होऊन वर चढला, आणि तुटला तिथे बॉयलर फुटला.

शिट्टीची झडप दाबाने उघडली असेल. तसं होऊ शकतं, मी नंतर जाणत्यांना विचारलं. ऐकलं ते मी ऐकलं.

शेडचा पत्रा उडून पुन्हा बसला. धूर, वाफ, वाळू. नाना आत गेले आणि दांडी फडक्यात धरून घेऊन आले. बॉयलरचं तांबं कापसाच्या बोंडासारखं उकललं होतं. दांडी खांबासकट सबंध उखडून निघाली होती आणि धागा तिच्यावर जसाच्या तसा होता. एकही वेढा सुटला नव्हता. नानांनी ती आक्कांपुढे धरली. हात पुढे, मान खाली.

आक्कांनी दांडी हाताने बाजूला सारली. मग म्हणाल्या, "माले काय दाखाडस? माले तव्हयनंच माहीत व्हतं. तो घर ईसन सांगे, नाना धागा कापू देत नही." त्यांचा आवाज चढला नाही. "चाळीस वरीस मी तुनं तोंड उघडानी वाट देखी. आनि तू रोज भोंगा वाजाडे."

आवाज ऐकून गल्ली बाहेर आली होती. कोणी बादली घेऊन, कोणी उघड्या अंगाने. आक्कांनी त्यांच्याकडे बोट केलं.

"माले नको. गल्लीले सांग."

नानांनी टोपी काढली. उन्हात रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. दांडी डोक्याच्या वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी.

"तार नव्हती," ते म्हणाले. "धागा व्हता. मी बांधेल व्हता. त्यानी कापाले सांगं, मी कापू दिधं नही. तार म्हनीसन मी खोटं सांगं."

कोणीतरी हसायला गेलं आणि हसलं नाही. नाना पुढच्या चौकात गेले, तिथेही तेच बोलले. मग बाजारपेठेत. मी मागे चालत होते, हातात पत्र्याचा माणूस. परत आलो तेव्हा तो मी आक्कांच्या हातात दिला. त्यांनी पदराने त्याचा नसलेला चेहरा पुसला आणि घरात नेला.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. नानांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, सहीसकट. शेवटी माझ्या मनाने एक परिच्छेद जोडला: अकरा वर्षं दांडी साफ न करणारी मिल आणि बूट काढून सही करणारा साहेब हे धाग्याच्या आड लपू शकत नाहीत. नानांनी तो वाचला. पेन्सिल कानामागेच राहिली. "हे तुनं," म्हणाले, "खरं शे. पन मना नाव पहिले छाप."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चहाचे दोनच ग्लास होते, एक त्यांचा आणि एक माझा. रिकाम्या स्टुलाकडे मी पाहिलं.

"गया तो," नाना म्हणाले.

मी माझ्या खोलीत येऊन भिंतीला पातं लावलं. आत काही नव्हतं. भिंतीला एवढी शांतता असू शकते हे मला माहीत नव्हतं. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

नाना पुढच्या थंडीत गेले. स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आला. तीन वाजता आता काही वाजत नाही आणि आक्कांचं दार उघडं असतं.

परवाच्या खंडेनवमीला छापखान्यात पूजा झाली. मशीन थांबवायचं लाल बटण असतं ना, त्याच्या झाकणाला गेल्या कित्येक नवम्यांचे धागे गुंडाळलेले होते. मी मोजले नाहीत. ब्लेड घेतलं. मालक ओरडले, "अहो ताई, नवमीचा धागा कापतात का?"

"कापतात," मी म्हणाले.

धागा कठीण झाला होता, ब्लेड दोनदा घसरलं. शेवटचा वेढा सुटला तेव्हा मशीन बंद होतं, वीजही नव्हती. सवयीने मी पातं त्याच्या लोखंडाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

आत कोणीतरी धरून ठेवलेला श्वास सोडला.